पाठलागाचा हिशेब

रिसोड तालुक्यातील रिठद या आमच्या गावी, सोयाबीनची रास घरात येऊन पडलेली असते आणि तुरीला नुकता फुलोरा धरू लागलेला असतो अशा दिवाळीच्या दिवसांत, संध्याकाळची वीज केव्हा जाईल याचा काही नेम नसतो. आणि गेल्या दिवाळीत ती जी गेली ती नेमकी अशा क्षणी गेली की, दूरच्या कुठल्याशा ग्रहावरील तांबड्या माळावर उधळलेल्या पराभूत सैन्याच्या पाठीशी, अर्धे जनावर आणि अर्धे यंत्र अशा घोड्यांवर बसलेले शिरस्त्राणधारी स्वार भाल्याच्या अंतरावर येऊन ठेपले होते. हा सर्व संग्राम सुटीत आलेल्या माझ्या नातवापुढे, घरच्या जुन्या संगणकावर चालला होता हे सांगणे नलगे. पडदा काळा झाला, पळणारे वाचले, आणि नातू हळहळून म्हणाला, "आजोबा, अजून दोन मिनिटं लाइट राहिली असती ना, तर एकसुद्धा सुटला नसता."

त्या बिचाऱ्याला ठाऊक नव्हते, परंतु या अर्थाचे वाक्य वऱ्हाडातील एका लढाईविषयी पूर्वीच लिहिले गेलेले आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी, हल्लीच्या अकोला जिल्ह्यातील तेल्हारा तालुक्यात असलेल्या अडगावच्या मैदानावर, नागपूरकर भोसल्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजा इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीसमोर उभ्या राहिल्या. लढाईला तोंड लागले तेच मुळी दुपार कलल्यावर, आणि भोसल्यांची फळी मोडून ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या तेव्हा दिवस संपला होता. रिसाला चांदण्यात कित्येक मैल पाठलाग करीत गेला, हत्ती, उंट आणि बुणगे पुष्कळ सापडले, परंतु सैन्याचा मोठा भाग निसटला. आणि आणखी एक तास उजेड लाभला असता तर कोणीच वाचले नसते, अशा आशयाची हळहळ वेलस्लीने आपल्या पत्रात व्यक्त केली. दोनशे वर्षांच्या अंतराने एका सेनापतीने आणि एका शाळकरी मुलाने काळोखावर सारखाच ठपका ठेवावा, या योगायोगाने मला त्या रात्री झोप लागू दिली नाही, आणि लुटुपुटूच्या युद्धात स्वारांनी केलेला पाठलाग आजवर कोणी कसकसा मांडला, त्यात काय साधले आणि काय निसटले, याचा धांडोळा घेण्याची इच्छा तेव्हापासून मनात घर करून राहिली.

आरंभ आपल्याच अंगणापासून करणे उचित होईल. बुद्धिबळात घोडा आहे, उंट आहे, हत्ती आहे, वजीर आणि प्यादीही आहेत. नाही तो केवळ पळणारा. तेथे मोहरा मरतो किंवा उभा राहतो, राजाला शह बसतो, परंतु पाठ फिरवून रानोमाळ होणारे प्यादे त्या चौसष्ट घरांत कोणी कल्पिलेच नाही. देवळाच्या फरशीवर खडूने रेघा ओढून आमच्या लहानपणी जो वाघबकरीचा डाव मांडला जाई त्यात पाठलाग होता, तथापि तो उलटा होता: दुबळ्या बकऱ्या मिळून वाघाला कोंडीत धरीत, आणि वाघाची हालचाल खुंटली की डाव संपे. पाठलागाचे खरे मर्म ज्या एका देशी खेळाने ओळखले तो खो-खो होय. १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने त्याचे नियम बांधावयास घेतले हे सर्वश्रुत आहे. पण त्यातील एका नियमाकडे शास्त्रीय दृष्टीने फारसे कोणी पाहिलेले दिसत नाही. पाठलाग करणारा गडी एकदा एका दिशेने निघाला की खांबाला वळसा घातल्याशिवाय त्याला माघारी फिरता येत नाही. बसलेल्या गड्यांच्या मधून त्याला शिरता येत नाही. पळणाऱ्याला मात्र वाटेल तेव्हा, वाटेल तिकडे वळण्याची मुभा असते. म्हणजे जो बलवान आणि वेगवान त्याच्या पायात नियमाने बेडी घातली, आणि जो एकटा त्याला चपळाई दिली. पाठलाग करणाऱ्याने अगतिक होऊन बसलेल्या सोबत्याच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणावे आणि आपला वेग दुसऱ्याच्या स्वाधीन करावा, ही युक्ती ज्याला सुचली त्याने भरधाव घोडा कधी तरी एकाएकी वळवून पाहिला असला पाहिजे, असे मला वाटते.

हीच गोष्ट गणिताच्या मार्गाने फार उशिरा उमगली. भास्कराचार्यांच्या ११५० मधील लीलावतीत मोराचे आणि सापाचे उदाहरण आहे: नऊ हात उंचीच्या खांबावर मोर बसलेला, खांबाच्या बुडाशी सापाचे बीळ, सत्तावीस हातांवरून साप बिळाकडे येतो आहे, मोर त्याच्यावर तिरपी झेप घेतो, आणि दोघे सारखेच अंतर तोडतात तर गाठ कोठे पडेल? उत्तर बिळापासून बारा हात. हे उदाहरण आमच्या पिढीने शाळेत पाठ केले, परंतु त्यातील गृहीत धरलेली गोष्ट तेव्हा कोणी बोलून दाखविली नाही. साप कोठे जाणार हे मोराला आधी ठाऊक आहे आणि सापाला मोर दिसलेला नाही, म्हणूनच ते गणित सुटते. १७३२ मध्ये पिएर बूगेर या फ्रेंच गणितज्ञाने, आपले तोंड सदैव भक्ष्याकडे ठेवून धावणाऱ्याची वाट कशी वाकते त्याचे समीकरण मांडले. पण त्याचेही भक्ष्य आपल्या सरळ रेषेत निमूटपणे चालतच राहते. पळणाऱ्यालाही बुद्धी असते, तोही आपल्या पाठीवरच्याचा विचार करीत असतो, हे सूत्रात आणले ते अमेरिकेच्या रूफस आयझॅक्स याने, विसाव्या शतकाच्या मध्यावर. आणि १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथातील सर्वांत गाजलेले कोडे काय, तर वेगवान पण चटकन वळू न शकणारी मोटार आणि सावकाश पण जागच्या जागी वळणारा पादचारी! मोटारीने त्याला गाठावे की नाही, हे केवळ वेगावर अवलंबून नसून वळणाच्या त्रिज्येवरही अवलंबून असते, असा त्याचा निष्कर्ष आहे. आमच्या खो-खोच्या मैदानावर ही त्रिज्या खांबांनी आखून दिलेलीच होती.

युद्धाचा खेळ म्हणून जो आज जगभर ओळखला जातो त्याचा उगम प्रशियात झाला, आणि त्यामागचा इतिहास मोठा बोलका आहे. १४ ऑक्टोबर १८०६ रोजी येना आणि औअरश्टेट येथे प्रशियाची सेना मोडल्यावर नेपोलियनच्या रिसाल्याने तिचा जो पाठलाग आरंभिला तो जवळजवळ बाल्टिक समुद्रापर्यंत चालला, आणि ७ नोव्हेंबरला प्रशियाचा सेनापती ब्ल्यूखर याने शरणागती पत्करली तेव्हाच तो थांबला. ज्या सेनेने असा पाठलाग अंगावर सोसला तिच्याच देशात, १८१२ च्या सुमारास, राइसव्हिट्झ नावाच्या एका उमरावाने राजाला युद्धाचा खेळ नजर केला, आणि १८२४ मध्ये त्याच्या मुलाने, जो स्वतः लष्करी अंमलदार होता, त्याला नकाशा, फासे, पंच आणि दोन मिनिटांचा एकेक डाव अशी पक्की घडण दिली. पायदळ दोन मिनिटांत किती पावले चालेल, घोडा दुडक्या चालीने किती जाईल आणि चौखूर किती, हे सर्व तेथे कोष्टकात बसले. मधल्या काळात, १८१५ च्या वॉटर्लूच्या रात्री, प्रशियाच्या ग्नायझेनाऊने थकलेल्या पायदळाऐवजी एक नगारची घोड्यावर बसवून पुढे धाडला आणि नगाऱ्याच्या आवाजानेच फ्रेंचांना मुक्कामामागून मुक्काम उठविले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पण नगाऱ्याच्या आवाजाने किती माणसे पळतात याचे कोष्टक काही त्या खेळात मला आढळले नाही. पुढे १९१६ मध्ये इंग्लंडच्या लँचेस्टरने दोन्ही बाजूंची माणसे कोणत्या प्रमाणात गळत जातील याची समीकरणे रचली. त्यांत उभे राहून मारणाऱ्यांचा आणि उभे राहून मरणाऱ्यांचा चोख हिशेब आहे, पाठ फिरविलेल्यांचा नाही.

विज्ञानकथेने हा खेळ आपलासा केला तो याच वारशासह. एच. जी. वेल्स याच्या ठायी तर दोन्ही गुण एकवटले होते: १८९८ च्या कादंबरीत मंगळावरील यंत्रांपुढून लंडन सोडून पळणारा जनसमुदाय त्याने असा रंगविला की वाचणाऱ्याच्या नाकात धूळ जावी, आणि १९१३ मध्ये त्याच गृहस्थाने शिशाच्या शिपायांनी जमिनीवर खेळण्याच्या लढाईची नियमावली प्रसिद्ध केली. कादंबरीत पळणारे हेच सर्वस्व आहेत, खेळात त्यांना जागा उरलेली नाही. एकाच लेखकाच्या दोन पुस्तकांत एवढे अंतर पडावे, याचे कारण वेल्सच्या प्रतिभेत शोधण्यापेक्षा खेळ या वस्तूच्या स्वभावात शोधणे बरे.

इंग्लंडातील नॉटिंगहॅमच्या एका मंडळीने १९८७ मध्ये प्रसृत केलेला 'वॉरहॅमर ४०,०००' हा त्या जातीचा आज सर्वांत फैलावलेला टेबलावरचा खेळ. चाळीस हजार वर्षांनंतरच्या त्या विश्वात ग्रहांमधून जहाजे धावतात, आणि तरीही सम्राटाच्या फौजेत भाले घेतलेले घोडेस्वार आहेतच. हा विसंवाद मला खटकत नाही. चारा मिळेल तेथे घोडा चालतो आणि तेल संपेल तेथे यंत्र थांबते, हे कोणत्याही शतकात खरेच राहणार. खटकतो तो त्याचा पाठलागाचा नियम. त्या खेळाच्या पूर्वीच्या अनेक आवृत्त्यांत असा नियम होता की, हातघाईत हरलेली तुकडी माघार घेऊ लागली म्हणजे दोन्ही बाजूंनी एकेक फासा टाकावा, त्यात आपापल्या चपळाईचा आकडा मिळवावा, आणि जिंकणाऱ्याची बेरीज सारखी किंवा अधिक आली की पळणारी तुकडी समूळ नष्ट झाली असे समजून टेबलावरून उचलून घ्यावी. एका फाशात सगळे आटोपे. आणि फाशातून सुटलेली तुकडी जर पळत पळत टेबलाच्या काठाला लागली, तर तीही उचलली जाई. संगणकावर हा प्रकार डोळ्यांना अधिक सुखावतो. २००९ मध्ये निघालेल्या 'एम्पायर : टोटल वॉर' या खेळात मराठ्यांची सत्ताही खेळणाऱ्याला निवडता येते, आणि तेथेही मनोधैर्य संपलेली पथके पांढरे निशाण दाखवीत नकाशाच्या काठाकडे धावत सुटतात आणि काठ लागला की दृष्टिआड होतात. माझ्या नातवाच्या तांबड्या ग्रहावर निराळे काही नव्हते. "हे पळून जातात कुठे?" असे मी त्याला विचारले, तेव्हा त्याने माझ्याकडे जरा कीव येऊन पाहिले आणि म्हणाला, "कुठे नाही आजोबा, मॅप संपतो ना."

येथे आमचे रिठद मध्ये येते, कारण जुन्या नकाशाचा एक काठ खरोखरीच आमच्या दक्षिणेस होता. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिले ते कशासाठी, हे आता शाळेत कोणी शिकवीत नाही. हैदराबाद कंटिंजंट नावाची जी फौज निजामाच्या नावाने आणि इंग्रजी अंमलदारांच्या हुकमाखाली उभी होती, तिचा पगार थकला होता. त्या पगाराची आणि कर्जाची तजवीज म्हणून वऱ्हाडाचा महसूल तारण गेला. वाशीम, रिसोड आणि भोवतालच्या काळ्या जमिनीत जो कापूस आणि जी ज्वारी पिके तिचा वसूल अशा रीतीने त्या फौजेच्या खर्चाला लागला. तिची एक छावणी हिंगोलीस, म्हणजे येथून एका दिवसाच्या मजलीवर, परंतु निजामाच्या हद्दीत. पेरणी इकडे, तबेला तिकडे, अशी ती मोठी विलक्षण व्यवस्था होती. आमच्या पणज्यांनी भरलेल्या सारापट्टीच्या रुपयातला काही अंश तरी एखाद्या स्वाराच्या घोड्याच्या तोबऱ्यात पडला असला पाहिजे.

तो तोबरा खाऊन घोडा कोठवर धावला, याचे उत्तर पाचच वर्षांनी मिळाले. १८५८ च्या एप्रिलच्या आरंभी झाशी पडली. राणी लक्ष्मीबाई रात्री किल्ल्यातून निसटून काळपीच्या वाटेला लागल्या. इंग्रज सेनापती सर ह्यू रोज याने पाठलागावर जे स्वार धाडले त्यांचा म्होरक्या लेफ्टनंट डाउकर होता, आणि तो या हैदराबाद कंटिंजंटच्या रिसाल्यातला. भांडेर येथे त्याने राणीला गाठत आणले. करड्या घोड्यावर, बरोबर केवळ चार माणसे, अशी ती त्याला समोर दिसली, अंतर भराभर कमी होऊ लागले, आणि इतक्यात डाउकरला जबर जखम लागून तो घोड्यावरून खाली आला. पाठलाग तेथेच थांबला. राणी काळपीस पोहोचली. वरसईच्या विष्णुभट गोडशांनी आपल्या प्रवासवर्णनात, काळपीच्या वाटेवर एका विहिरीपाशी ती धुळीने माखलेली, तहानेने व्याकुळ अशी भेटल्याचे लिहून ठेवले आहे. ते वर्णन वाचताना प्रत्येक वेळी माझ्या मनात एक चमत्कारिक अपराधी भावना उठते. पाठलाग करणाऱ्या त्या रिसाल्याचा पैसा आमच्या मुलखातला होता. बनारसेस जन्मलेली, मराठी घरची ती मुलगी ज्या घोड्यांच्या टापा मागे ऐकत धावली त्या घोड्यांचा दाणा वऱ्हाडाने पुरविला, ही गोष्ट कोणत्याही खेळाच्या कोष्टकात मांडता यावयाची नाही, आणि इतिहासाच्या पुस्तकांतही ती दोन वेगवेगळ्या प्रकरणांत विभागली गेल्यामुळे कोणाच्या नजरेस येत नाही.

त्या रिसाल्याचे पुढे काय झाले तेही सांगून टाकतो. १९०३ मध्ये कंटिंजंट मोडून तिची पलटणे हिंदी फौजेत सामील झाली. तिच्या स्वारांचा वारसा घेतलेल्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणांगणावर, यंत्रतोफांच्या काळात, भाले पुढे करून चाल केली. आणि १९६५ मध्ये असल उत्तरच्या उसाच्या शेतांत तिच्याच वंशजांनी रणगाडे चालविले. घोडा गेला, नाव राहिले. विज्ञानकथाकारांनी घोड्याला यंत्र जोडले म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी ही वंशावळ एकदा पाहावी.

वऱ्हाडाने याहून लांबलेले पाठलागही पाहिले. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीस लढाई देऊन दुसरा बाजीराव जो निघाला तो साताऱ्याकडे, मग उत्तरेस, मग फिरून कोरेगाववरून दक्षिणेस असा महाराष्ट्रभर भोवंडत राहिला. २० फेब्रुवारी १८१८ ला आष्टीस बापू गोखले पडले, १७ एप्रिलला पांढरकवड्याजवळ सिवनी येथे कर्नल ॲडम्सच्या रिसाल्याने त्याला पुन्हा गाठले, आणि ३ जूनला त्याने अशीरगडाजवळ इंग्रज अधिकारी माल्कमच्या स्वाधीन होणे पत्करले. सात महिने! इतक्या काळात त्याच्या पाठीवर एकामागून एक नवी पथके, ताज्या दमाचे घोडे घेऊन, निरनिराळ्या दिशांनी येत गेली. हे सरळ सरळ 'खो' देणेच होते, फक्त मैदान भीमेपासून वर्धेपर्यंतचे. त्याच मोहिमेत पेंढाऱ्यांची पथके एकेक करून मोडली, आणि त्यांचा पुढारी चितू शेवटी एकटा पडून सातपुड्यात शिरला. तेथे त्याला कोणी स्वाराने मारले नाही, वाघाने मारले. त्याचा घोडा खोगिरासह चरताना सापडला आणि त्यावरून शोध लागला. कोणत्या खेळात पळणाऱ्याच्या नशिबी वाघ लिहिलेला असतो?

तात्या टोपे तर पाठलाग या विद्येचा दोन्ही बाजूंनी आचार्य. १८५८ च्या शरदात तो नर्मदा ओलांडून बैतूल-मुलताईपर्यंत आला, सातपुड्याच्या या बाजूस, वऱ्हाडाच्या उंबऱ्यावर, येऊन उभा राहिला, आणि दक्षिणेची वाट बंद दिसताच पश्चिमेस वळला. त्याच्या मागावरील पार्कने नऊ दिवसांत सुमारे २४० मैल तोडून १ डिसेंबरला छोटा उदेपूरपाशी त्याला गाठले, त्याच्या फौजेचा मोड केला, आणि तरीही तात्या निसटलाच. वळण्याची त्रिज्या त्याच्याजवळ लहान होती. तो हाती आला तो १८५९ च्या एप्रिलमध्ये, नरवरच्या मानसिंगाने विश्वासघात केल्यावर, म्हणजे वेगाने नव्हे. आयझॅक्सच्या सूत्रात विश्वासघाताला अक्षर नाही.

आता पानिपतासंबंधी, कारण आपल्याकडील विज्ञानकथेने युद्धाचा जो एकच ख्यातनाम प्रयोग करून पाहिला तो पानिपताचाच. जयंत नारळीकर यांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत अपघाताने एका अशा जगात जाऊन पोहोचतात की, जेथे विश्वासरावांना लागलेली गोळी चुकली, मराठे जिंकले, आणि हिंदुस्थानचा पुढचा इतिहास निराळ्या वाटेने गेला. परत येताना त्यांच्या खिशात त्या दुसऱ्या जगातील बखरीचे पान असते, आणि त्याची उपपत्ती पुंजभौतिकीच्या आधारे लावली जाते. कथा मी अनेकदा वाचली आहे आणि तिच्या बांधणीविषयी मला आदर आहे. तथापि घोड्यांच्या बाजूने एक हरकत नोंदवावीशी वाटते. १४ जानेवारी १७६१ च्या आधी जवळजवळ अडीच महिने मराठ्यांची छावणी पानिपतास कोंडलेली होती. गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसद तुटली. माणसे उपाशी लढावयास उतरली, मग जनावरांची गोष्ट काय सांगावी! समजा, गोळी चुकली, अब्दालीची फळी मागे हटली. त्या हटणाऱ्या अफगाणांच्या पाठीवर कोणाचा घोडा चौखूर सुटणार होता? पाठलागावाचून मिळालेला जय हा अडगावच्या जयासारखा, तोफा हाती लागल्या आणि फौज निसटली, या जातीचा झाला असता. अब्दाली यमुनेपलीकडे जाऊन उभा राहिला असता. इतिहास बदलावयाचा तर एका गोळीची दिशा बदलून भागत नाही, महिनाभर आधीपासून पाच-पन्नास हजार तोबरे भरावे लागतात. गंगाधरपंतांच्या बखरीचे ते पान मला मिळाले असते तर मी प्रथम त्यात दाणावैरणीचा तपशील शोधला असता.

प्रत्यक्षात जे घडले ते उलट होते. अफगाणांचे स्वार पळणाऱ्यांच्या मागे दहा-बारा कोस चहूकडे गेले. त्या गर्दीत महादजी शिंदे होते, खाली उत्तम दख्खनी घोडी. त्यांच्यामागे एक अफगाण लागला; त्याचे जनावर बोजड, ओबडधोबड, चालीला काही रूप नाही. महादजी घोडीला टाच मारून पुष्कळ पुढे जात, तिला दम घेऊ देण्यासाठी थांबत, आणि वळून पाहावे तो तो बोजड घोडा त्याच एका चालीने मागून येतच असे. अखेर घोडी एका खळग्यात पडली, अफगाणाने महादजींच्या पायावर घाव घातला, अंगावरचे लुटून घेतले आणि तो निघून गेला. राणेखान नावाच्या भिस्त्याने त्यांना बैलावर घालून दख्खनेत आणले, आणि पाय जन्माचा अधू झाला. पुढे दिल्लीच्या बादशहाचा कारभार हाती आल्यावरही, तो बोजड घोडा आपल्या घोडीमागून रखडत रखडत येतो आहे असे आपल्याला झोपेत वारंवार दिसते, असे ते सांगत, ही हकीकत माल्कमने नोंदवून ठेवली आहे. खो-खोने मला वळण शिकविले, अडगावने उजेड, पानिपताने दाणा. पण महादजींच्या या स्वप्नात जे आहे त्याला मी काय नाव द्यावे हे मला अद्याप सुचलेले नाही. वेग त्यात नाही, चपळाई त्यात नाही. नातवाच्या खेळातले यांत्रिक घोडे इतके भरधाव आहेत की ते कोणाच्याही स्वप्नात जाणार नाहीत.

आणि जे गेले ते कोठे गेले? नाना फडणविसांनी आपल्या त्रोटक आत्मचरित्रात, अंगावरची वस्त्रे टाकून आपण पानिपताहून कसे निसटलो, ते लिहून ठेवले. मल्हारराव होळकर आपल्या पथकासह निघाले, त्याबद्दल त्यांना आजतागायत बोल लावला जातो. हरियाणातील रोड समाजाची पुष्कळ माणसे आपली नाळ त्या मैदानावरून न परतलेल्या मराठ्यांशी जोडतात. मराठ्यांचे सेनापती सदाशिवरावभाऊ यांचे काय झाले याबद्दल तर पुण्यात पंधरा वर्षे एकमत होईना. त्यातूनच सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' म्हणून उभा राहिला, त्याला कोकणात किल्ले आणि माणसे मिळत गेली, पेशव्यांच्या दरबाराला चौकशी बसवावी लागली, साक्षी घ्याव्या लागल्या, आणि १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले. नरसिंह चिंतामण केळकरांनी नाटक लिहिले ते याच तोतयाच्या बंडावर. चौकशीचे कागद पुरे झाले, तोतया मारला गेला, तरी शनिवारवाड्यात भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई यांनी कुंकू पुसले नाही. नवरा रणांगणावरून निघाला तो परतावयाचा आहे, एवढीच त्यांची धारणा शेवटपर्यंत होती.

वीज त्या रात्री फार उशिरा आली. सकाळी नातवाने संगणक सुरू केला तेव्हा, मधला डाव जतन झालेला नाही, पहिल्यापासून खेळावयाचे काय, एवढेच पडद्यावर विचारले होते. त्याने होय म्हटले आणि दोन्ही फौजा पुन्हा तांबड्या माळावर, सगळी माणसे आणि सगळे घोडे धरून, समोरासमोर उभ्या राहिल्या.